इर्जिकीचं जेवण

गोजरबाईचा बैल श्रावणात पान लागून, म्हंजे साप चावून, मेला आन् तिचं काळं रान कुळवाबिगर तसंच पडलं. एकाच बैलाची धनीण ती. दुसरा बैल सिद्धारामचा. दोघांची पैऱ्यावर जोडी, एक दिवस तिच्या रानात, एक दिवस त्याच्या. तिचा बैल गेला तसा सिद्धारामनं लगेच दुसरा पैरेकरी बघितला. त्याला नावं ठेवावी तर त्याचंबी रान होतंच की. पण बाईच्या दारात बसून एक शब्द बोलून गेला असता तर काय जीभ झिजली असती का त्याची?

ती तशी गावची सून, पण गावाला नवीच. नवरा सोलापुरात मिलमधी कामाला, संसार तिकडंच. मिलच्या कमाईवर त्यानं गावाकडं हे रान घेतलं, रानालाच लागून छपराचं घर बांधलं, आन् खोकून खोकून मेला. मागं राहिला तिचा म्हातारा सासरा धोंडीराम, कानानं बहिरा. तो दोर वळायचा. गावातल्या निम्म्या बैलांच्या गळ्यात, नाकात त्यानंच वळलेला दोर. त्याला सांभाळायला म्हणून गोजरबाई सोलापूर सोडून आली आन् आमच्या देवळात मिस्सेला यायला लागली.

आता आमच्या देवळाचं सांगते. मोहोळच्या अंगाला आमचं गाव, आन् गावाच्या कडंला आमचं पत्र्याचं देऊळ. आज्यासासऱ्याच्या काळात आमच्या महारवाड्यानं डोक्यावर पाणी घेतलं, आन् त्याच पाद्र्याच्या हातनं मांगवाड्यानंबी घेतलं. येशू एक, देऊळ एक, कबरस्तान एक. मिस्सेला एकाच चटईवर बसणार. दुष्काळ पडला तवा सिस्टरांच्या बरोबरीनं आमी बायकांनी सुकडी वाटली, आजारी माणसं बैलगाडीत घालून दवाखान्यात नेली, कुणाचं मढं असलं तर आमची गडीमाणसं स्वतः खड्डा खणायला गेली. द्यायचं म्हणलं की आमी लई पुढं. पण खालच्या आळीच्या, म्हंजे मांगवाड्याच्या, घरची भाकर आमच्या आळीत कुणी कधी खाल्ली न्हवती. खाऊ नका असं कुणी सांगितलं न्हवतं. सांगायची गरजच पडली न्हवती.

गोजरबाई खालच्या आळीची.

हस्ताचा पाऊस पडला आन् रानाला वाफसा आला. काळ्या रानाचा वाफसा म्हंजे फार थोडे दिस. ओल धरून हाय तवर पेरलं तर जोंधळा, न्हाय तर वरीसभर दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन बसायचं. सगळ्या गावाची घाई उडालेली. आन् गोजरबाईच्या रानात गुडघ्याएवढं तण.

आमच्या मालकांनी, कुंडलिकनी, ते फादरच्या कानावर घातलं. आमचे फादर वसईकडचे. केळीच्या बागा, दारात विहीर, असल्या मुलखात वाढलेले; तण काढायचा कुळव म्हंजे काय ते कळायलाच त्यांचं पहिलं वरीस गेलं. पण माणूस सोन्यासारखा. कुणाच्या घरी ताप म्हणलं की ह्यांची फटफटी दारात. मालकांनी त्यांना सांगितलं, फादर, आमच्याकडं इर्जिक म्हणून असती. ज्याचं अडलंय त्याच्या रानात सगळे आपापली औतं घेऊन जातात, एका दिवसात काम उरकतात, मजुरी न्हाय. फादर इतके हरखले की त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं न्हाय. रविवारी मिस्सा झाल्यावर उभे राहिले आन् जाहीर केलं, की गोजरबाईच्या रानात आपल्या देवळाची इर्जिक. वरनं म्हणाले, "गोजरबाईंवर जेवणाचा भार नको. ज्याने त्याने आपापली शिदोरी आणायची."

सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. आमच्यात देवळाचं अंगण झाडायचं म्हणलं तरी दोघंतिघं कुरकुरतात. त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला न्हाय. माझ्या सासूबाई, सोजरबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, जपमाळ म्हणायला सगळ्यांत पुढं असणारी बाई, त्या तर वाटंनं येताना म्हणाल्या, फादर बरं बोलले बाई, लई समजूतदार माणूस.

त्याच दिवशी सांजच्याला मी अंगणात बियाणाचा जोंधळा पाखडत होते. गोजरबाई आली. गोठ्यापाशीच थांबली, पुढं आली न्हाय. मी म्हणलं ये की, बस की. ती बसली न्हाय.

"वैनी, मालकांस्नी सांगा, औत आणू नका म्हणावं."

मला वाटलं ही चेष्टा करती. म्हणलं, आगं वाफसा चाललाय, रान वाळंल तुझं.

"वाळंल. मला कळतंय," ती म्हणली. "इर्जिक ज्याची, जेवण त्याचं. माझ्या बापाच्या रानात मी बघितलीया इर्जिक. शिदोऱ्या बांधून येणार असाल तर ती इर्जिक न्हवं. पीठ हाय माझ्या घरात. मी कुणापुढं हात पसरला न्हाय."

आवाज चढवला न्हाय तिनं. पदर नीट केला आन् आली तशी गेली. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. आत जाऊन चुलीत लाकूड सारायला लागल्या, आन् लाकूड सारायचं काय कारण न्हवतं, चूल चांगली पेटलेली होती.

दुसऱ्या दिवशी फादर स्वतः गोजरबाईकडं गेले आन् तोंड पाडून आमच्या ओट्यावर येऊन बसले. ती बाई ऐकतच नाही म्हणाले. मी तिचा त्रास वाचवायला बघतोय आणि तिला अपमान वाटतोय, हे कसं? मालकांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन् शेवटी जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. शिदोरी आणा म्हणल्यावर माना का हलल्या ते.

फादरचा चेहरा लाल झाला. मंग म्हणाले, आजच जेवायला जातो मी तिच्याकडे.

"तुमी जेवा की," मालक म्हणाले. "तुमी कलेक्टरकडंबी जेवता आन् कैकाड्याच्या पालातबी जेवता. तुमच्या जेवण्यानं आमच्या गळ्याखाली काय उतरणार?"

तर मग रविवारी मी यावर बोलतो, फादर म्हणाले. तवा मला राहवलं न्हाय. मी चहा ठेवत म्हणलं, बोला फादर, सगळी मान हलवतील, काल हलवली तशीच. फादर चहा पिऊन उठले आन् फटफटी न चालवता, हातानं ढकलत, चालत गेले. मला वाईट वाटलं. चांगल्या माणसाला टोचून बोलायची खोड माझी जुनीच.

मंगळवारी आमच्या रानात पेरणीची पाभर चालली होती. मालक औतामागं, मी चाड्यावर बियाची मूठ धरलेली. आमच्या बांधावरनं गोजरबाईचं रान दिसतं. ती कुदळ घेऊन खणत होती. तिचा बहिरा सासरा मागं बसून सरकत सरकत हराळीच्या मुळ्या उपटत होता. एवढं मोठं रान आन् एक कुदळ. दुपारपतुर तिचं खळ्याएवढं झालं असंल. मधीच उभी राहायची, कंबरेवर हात ठेवून मागं वाकायची, परत खाली. मी भाकर खायला बसले, पण ती तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली. उठून तिच्या बांधावर गेले, तिथलं एक ढेकूळ हातात घेतलं. वरनं पांढुरकं पडलेलं. आतमधी ओल होती अजून, पण मुठीत दाबलं तर आदल्या दिवशीसारखं चिकटत न्हवतं. ती माझ्याकडं बघून हसली आन् म्हणली, हाय अजून दोन दिस.

त्या रात्रीचं जेवण वाढताना माझी जीभ सुटली. आत्याबाईंच्या ताटात भाकर टाकली आन् म्हणलं, "रविवारी मिस्सेत फादरच्या हातची येशूची भाकर गोजरबाईबी खाती आन् तुमीबी खाता. एकाच ताटलीतली. ती गळ्यात अडकत न्हाय, मंग हिच्या तव्यावरची का अडकती?"

मालकांनी डोळे वटारले. आत्याबाईंनी ताट सारलं, हात धुतला, आन् भिंतीकडं तोंड करून झोपल्या. उपाशी म्हातारी. माझा राग गेला आन् भ्या वाटायला लागलं. सासूला उपाशी निजवणारी सून म्हणून गावात नाव व्हायचं.

सकाळी उठले तर आत्याबाई धुतलेलं लुगडं नेसून, काठी घेऊन अंगणात उभ्या. म्हणाल्या, चल. कुटं म्हणून विचारायची माझी छाती झाली न्हाय. पांढऱ्या मातीच्या वाटंनं त्या पुढं आन् मी मागं. खालची आळी ओलांडली, तवा कळलं कुटं चाललोय ते. बायका दारात येऊन बघत होत्या. सोजरबाई या वाटंला कधी आली न्हवती.

गोजरबाई दारापुढं कुदळीचा दांडा ठोकून बसवत होती. तिच्या तळहाताला फोड आलेले, त्यावर चिंधी बांधलेली. आम्हाला बघून उठली. आत्याबाई कुणी बस म्हणायच्या आधी जमिनीवर बसल्या. दम खाल्ला. आन् मला वाटलं बाई आता समजूत घालणार, तर त्या भांडायलाच लागल्या.

"तुला वाटतं तूच एक मानी हायस?" त्या म्हणाल्या. "मी रांडमुंड झाले तवा कुंडलिक पाळण्यात होता. वरल्या गावच्या, मराठ्यांच्या आबासाहेबांनी औतं धाडली माझ्या रानात. लई भला माणूस. मी शेजारणीचा हंडा मागून आणला. खीर केली, आमटी केली, भाकरीची चळत लावली. दुपारी औतं सोडली आन् सगळे लिंबाखाली पाठ करून बसले, आपापली फडकी सोडून. कुणी वंगाळ बोललं न्हाय. बाई, कशाला तरास घेतला, असंच म्हणले. सांजच्याला ती खीर मी वड्याला नेऊन वतली. कुत्री खात होती आन् मी बघत उभी होते."

मी ह्या घरात इतकी वर्सं नांदले, मला हे कधी सांगितलं न्हवतं. मालकांनाबी नसंल. गोजरबाईनं हातातली कुदळ खाली ठेवली. मंग तिनं विचारलं ते मी विचारायला धजले नसते.

"आन् तरीबी मावशी, तुमी इतकी वर्सं आमच्यात जेवला न्हाई?"

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "तरीबी."

धोंडीराम आतनं तांब्याभर पाणी घेऊन आला, त्याला काय ऐकू आलेलं न्हवतं. आत्याबाईंनी तांब्या घेतला, तोंडाला लावला आन् घटाघटा पिऊन रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं.

मंग म्हणाल्या, इर्जिक तुझी हाय तर आवतण तू द्यायचं, फादर कोण देणार? जा घरोघर. आन् तिखट बेतानं घाल, भाकर मऊ कर, मला दात न्हायत.

गोजरबाई त्याच पावली निघाली. आमच्या आळीत प्रत्येक दारापुढं उभी राहून तिनं सांगितलं, उद्या माझ्या रानात इर्जिक हाय, औत घेऊन या, जेवाय माझ्याकडं. कुणी व्हय म्हणलं, कुणी बघू म्हणलं, कुणी बैलाचा खूर दुखतोय म्हणलं. सिद्धारामच्या दारात गेली तर तो आतच बसून राहिला, बायकोला पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला आमचं औत तिच्या बांधावर. त्यामागं एकेक करत बाकीची यायला लागली. दुखऱ्या खुराचा बैलबी आला, आन् चांगला उड्या मारत आला. सिद्धाराम सगळ्यांत शेवटी आला, खाली मान घालून, आन् सगळ्यांत वंगाळ तणाचा तुकडा त्यानंच धरला. फादर आले पँट गुडघ्यापतुर दुमडून. त्यांना काय येणार? पण अंगानं भरलेले, म्हणून कुळवावर वजनाला उभं केलं. दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तवा बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आन् फादर मातीतनं उठून आमच्याबरोबर हसायला लागले. आठ औतं धूळ उडवीत चाललेली, बैलांच्या घुंगरांचा आवाज, मागं बायका हराळी येचत्यात. रानाचं तोंडच बदललं.

पण माझं चित्त थाऱ्यावर न्हवतं. निम्म्या औतांच्या जुवांना फडकी बांधलेली होती. जेवाय ये म्हणून आवतण गेलं होतं, तरी लोकांनी शिदोऱ्या आणल्या होत्या.

उन्हं डोक्यावर आली तशी औतं सुटली. गडीमाणसं वड्यावर हातपाय धुऊन आली आन् बोरीच्या सावलीला घुटमळत उभी राहिली. बसंना कुणी. गोजरबाईनं दारापुढं सारवलेल्या जागंवर ताटं मांडली होती, पत्रावळी मांडल्या होत्या. मालकांनी फादरना आधीच सांगून ठेवलं होतं, तुमी पयल्यांदा बसू नका. ते बिचारे बैलांना पेंढी टाकायचं निमित्त करून लांब उभे.

आत्याबाई काठी टेकत आल्या आन् मधल्या ताटावर बसल्या. गोजरबाईनं वाढलं. हुलग्याच्या शेंगोळ्या, भाकर, शेंगदाण्याची चटणी, वाटीत गव्हाची खीर. आत्याबाईंनी येशूचं नाव घेऊन कपाळाला, छातीला हात लावला, भाकर चुरली, शेंगोळ्याचा रस वतला, कालवलं आन् घास घेतला. सगळी माणसं त्या म्हातारीच्या जबड्याकडं बघत होती. तिनं हिरड्यांनी सावकाश चावून गिळला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

कोण तरी हसलं. आमचे मालक जाऊन आईशेजारी बसले. त्यांच्या शेजारी सिद्धाराम बसला. मंग एकेक करत ओळ भरली. सगळीच बसली असं खोटं सांगणार न्हाय. दोघंजण बैलांना पाणी दाखवायला वड्यावर गेले ते काय लवकर आले न्हायत. पण बाकीची बसली. फादर आले आन् ओळीच्या टोकाला मांडी घालून बसले.

गोजरबाई वाढत चालली आन् पाचव्या की सहाव्या ताटापाशी थांबली. टोपलीत भाकर न्हाय. आत गेली, पातेलं घेऊन आली, पळीनं तळ खरवडला. निम्म्याच्या वर ओळ हात धुऊन रिकाम्या ताटापुढं बसलेली. ती पातेलं धरून तशीच उभी राहिली. इर्जिकीला अन्न कमी पडणं म्हंजे घरधनिणीची लाज.

"आगं, किती जणांचं केलंस तू?" आत्याबाई खेकसल्या. "एवढी आवतणं दिलीस आन् रांधलंस किती?"

गोजरबाईनं खाली बघितलं. "चौघांचं," ती म्हणली. "तुमी, फादर, मामंजी आन् मी. पीठ मोप हाय घरात. मळलं न्हाय. उरलं की वड्याला न्यावं लागतं, तुमीच सांगितलं की मावशी."

कुणाला वर बघवंना. फादरनी डोळे मिटून घेतले. मला रडू आलं, ते मी लपवलंबी न्हाय. ही बाई काल आमच्या दारादारात उभी राहून जेवाय या म्हणाली, आन् आमी येणार न्हाय हे धरूनच चुलीपुढं बसली.

आत्याबाई ताटावरनं उठल्या. भरल्या ताटावरनं उठू नये म्हणणारी बाई, पण उठल्या. गोजरबाईच्या हातातनं पातेलं काढून घेतलं.

पीठ कुटं हाय म्हणून विचारलं, आन् उत्तराची वाट न बघता वाकून त्या छपराच्या दारातनं आत गेल्या, चुलीपुढं जाऊन बसल्या. त्यांच्या मागं मी गेले. माझ्या मागं सिद्धारामची बायको आली, मंग आमच्या आळीतल्या आणखी बायका, इतक्या की आत मावंनात, दोघी दारातच परात घेऊन बसल्या. एक मळत होती, एक थापत होती. आत्याबाई तव्यावरची भाकर उलटत होत्या आन् प्रत्येकीला नावं ठेवत होत्या, हिची जाड, हिची फाटकी. गोजरबाई मला काय करू द्या की म्हणत मधी मधी करत होती. तिला कुणी काय करू दिलं न्हाय.

बाहेर गडीमाणसं भुकेनं कळवळत बसली होती. वाफसा चालला होता, प्रत्येकाला कळत होतं, तरी कुणी घाई केली न्हाय. गरम भाकर जशी जाईल तशी खात गेली. सगळ्यांचं झाल्यावर आत्याबाईंनी गोजरबाईला चुलीपुढं बसवली, ताट वाढलं आन् आपलं निम्मं राहिलेलं ताट घेऊन तिच्यासमोर बसल्या. गोजरबाई घास घ्यायची आन् डोळे पुसायची. आत्याबाई तिच्याकडं बघत न्हवत्या, भाकर कुस्करत होत्या.

दुपारची औतं उशिरा जुंपली, म्हणून पेरणी दिवस मावळला तरी चाललीच होती. पेरणीचं शेवटचं तास, म्हंजे शेवटची ओळ, फादरना धरायला दिलं, ते वाकडं गेलं, आन् तसंच ठेवलं.

निघताना गोजरबाई आत्याबाईंच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला दंडाला धरून उभी केली.

"पुढल्या बारीला सगळं पीठ मळ," त्या म्हणाल्या.

"आन् उरलं तर?" गोजरबाईनं विचारलं.

"उरलं तर बांधून दे. घरी नेऊ."